सतरा नंबरची बाटली

"घ्या ना मॅडम, अजून एक," म्हणत विभावरीने अनारशांचा डबा शहरबानूंच्या पुढे सरकवला.

शारजाच्या हमरिया फ्री झोनमधल्या त्या लॅबची विभावरी प्रमुख. लॅबची तपासणी करायला आलेल्या सरकारी बाईंची नुसत्या चहावर बोळवण करणं तिच्या चिपळूणच्या माहेराला शोभलं नसतं. सरकारी कामगारांच्या लघवीत अमली पदार्थ आहेत का, हे तपासण्याचं प्रमाणपत्र लॅबला मिळावं म्हणून दोन वर्षं तिने जिवाचं रान केलं होतं. ते मिळालं नाही तर लॅबला टाळं, आणि तिथे काम करणाऱ्या बाराही जणांचे व्हिसा खलास.

शहरबानू मूळच्या रायगडच्या, पण जन्म शारजाचा. "लहानपणी आजीची शेजारीण द्यायची. नंतर आजच खातेय!" तीन अनारसे त्यांनी बघता बघता संपवले.

"सासूबाईंनी साड्यांच्या घडीत घालून पाठवलेत. राहू द्या, डबाच घेऊन जा."

शहरबानूंनी जराही आढेवेढे घेतले नाहीत. विभावरीला बरं वाटलं.

परीक्षा मात्र कडक होती. दुसऱ्या दिवशी बंदरावरच्या कामगारांच्या बाटल्या येणार होत्या. त्यांत शहरबानू परीक्षेच्या चार बाटल्या मिसळणार, काही अमली पदार्थ असलेल्या, काही स्वच्छ. बाटलीवर फक्त नंबर. परीक्षेची कुठली आणि कामगाराची कुठली, हे लॅबमध्ये कुणालाच कळणार नव्हतं. एक जरी निकाल चुकला तरी प्रमाणपत्र गेलं.

सतरा नंबरच्या बाटलीत मॉर्फिन निघालं.

"ताई, आकडा लिमिटच्या जेमतेम वर आहे," अन्वर म्हणाला. रत्नागिरीचा हा पोरगा मशीनवर बसायचा, आणि त्याचं मन फार हळवं. "कुणी बिचारा कामगार असेल तर सरळ जेलमध्ये जाईल. खसखस खाल्ली तरी इतकं येतं. तसा रिमार्क टाकू का?"

"खसखशीला या देशात बंदी आहे, अन्वर. माहीत असून आणतात कशाला? परत चालव."

दुसऱ्यांदाही तेच आलं. विभावरीला त्या अनोळखी माणसाची कीव आली, क्षणभर पेन अडखळलं. पण सही तिने केलीच. आकडा तो आकडा.

गुरुवारी शहरबानू आल्या. आत येऊन त्यांनी स्वतःच दार लावलं. चेहरा पांढराफटक पडला होता.

"परीक्षेचे सगळे रिझल्ट बरोबर आहेत. एक सोडून. सतरा नंबर."

"दोनदा चालवलाय, मॅडम. मॉर्फिन आहेच."

"शक्य नाही. तो स्वच्छ नमुना होता."

"इतक्या खात्रीने कसं सांगता?"

शहरबानू खुर्चीत बसल्या. "स्वच्छ नमुन्यासाठी मी दुसऱ्या कुणावर विश्वास ठेवत नाही, विभावरी. दर वेळी माझाच देते. सतरा नंबरची बाटली माझी आहे."

विभावरीने सतरा नंबरच्या निकालाचा कागद पुन्हा एकदा पाहिला.

"मी साधी सिगारेटसुद्धा कधी ओढलेली नाही. म्हणजे तुमचं मशीनच चुकतंय. मला प्रमाणपत्र नाकारावं लागेल. दुसरं काही कारण असेल, तर आत्ताच सांगा."

उत्तराची वाट बघत त्यांनी पर्स उघडली आणि रिकामा डबा टेबलावर ठेवला.

त्याच्या तळाला अजून खसखस चिकटलेली होती.