विरहिणीचा प्रसंग

दुपारच्या शांततेत जुन्या सीडी प्लेअरचा ट्रे खटकन बाहेर आला. धाकटा झोपला होता, तेवढाच वेळ हाताशी होता. आठ वर्षांची लेक कधीची 'तुझा नाच दाखव' म्हणून मागे लागली होती. कालच तिने ताटातली दुसरी पोळी बाजूला सारली. "नाचाच्या क्लासमध्ये माझंच पोट पुढे दिसतं," म्हणाली.

पडद्यावर मी आले. एकोणीस वर्षांची, हिरव्या पोशाखात, वेणीवर अबोलीचा गजरा. किती वर्षांनी पाहत होते स्वतःला. मैत्रिणीने घट्ट बांधून दिलेले चाळ, विंगेत पाठीवरून फिरलेला नृत्याच्या बाईंचा हात, सगळं आठवून डोळे भरून आले.

"किती बारीक होतीस गं तू," लेक कौतुकाने म्हणाली.

तो महिना मी काकडी आणि कोऱ्या चहावर काढला होता. विरहिणी दाराशी वाट बघते, तो प्रसंग आला. माझे हात थरथरले, गुडघे दुमडले आणि मी कोसळले. सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. "विरह असा दाखवावा," बाई नंतर सगळ्यांना सांगत होत्या. ती खरीच चक्कर होती, हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. कौतुक इतकं गोड लागलं, की पुढच्या कार्यक्रमाआधी चहातली साखरही सोडली.

आज लेकीला सांगायचं ठरवूनच सीडी लावली होती. मी तोंड उघडणार, तोच ती पडद्याजवळ सरकली.

"आई, तू उठतच नाहीयेस. मग हे सगळे टाळ्या का वाजवतायत?"