तिचा जबाब

आमच्या अंगणातल्या ट्रॅम्पोलिनवरून माझ्या लेकीची, चिमीची, जिवाभावाची मैत्रीण पडली. नऊ वर्षांची पोर, कमरेखालचं अंगच गेलं. "अजून उंच, अजून उंच!" असं मीच ओरडत होते, मोबाइलवर शूटिंग करत.

वकिलांनी पहिल्याच दिवशी बजावलं, "घर तुमचं, म्हणजे जबाबदारी तुमची. चकार शब्द काढू नका. आणि लेकीला त्या मुलीच्या आसपास फिरकू देऊ नका, पोरं काहीही बोलून बसतात."

मी व्हिडिओ पुसून टाकला. चिमी महिनाभर 'मला तिला भेटायचंय' म्हणून रडत होती, पण मी बधले नाही.

पोलीस जबाब घ्यायला हॉस्पिटलात आले, तेव्हा मलाही बोलावलं होतं.

"बाळा, इतकी उंच उडी मारायला कुणी सांगितलं होतं?"

तिने एकवार माझ्याकडे पाहिलं.

"कुणीच नाही. काकू तर नको म्हणत होत्या. मीच हट्ट केला."

तिच्या आईने मान खाली घातली. पोलिसांनी लिहून घेतलं आणि ते गेले. मग पोरीने खुणेने मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं,


"काकू, आता चिमीला पाठवाल ना?"