बंबातली राख

“त्या फाईलचं पान न् पान बंबात घाल. मागे काही ठेवू नकोस.”

यजमानांचा हा आवाज रोज पहाटे बंब पेटवताना नंदाबाईंच्या कानाशी येई. आषाढी एकादशीच्या संध्याकाळी खाटेवर पडल्या पडल्या ते एवढंच बोलले होते. नंदाबाई हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. त्याच संध्याकाळी त्यांनी चातुर्मासाचा नेम धरला. रोज दोन पानं रामनाम, तोवर तोंडात अन्न नाही. त्या देवापुढं लिहायला बसल्या, तेव्हा यजमान कसेबसे उठले, पेन्सिल तासली आणि त्यांच्याकडे सरकवली.

“शाई नको,” म्हणाले. “पातळ कागदावर फुटते.”

भाद्रपदात ते गेले. नंदाबाईंना रडू आलं नाही. दूध उतू गेलं तर पुसावं, तसे ते तेरा दिवस त्यांनी पार पाडले आणि चौदाव्या दिवशी पुन्हा दोन पानं लिहिली.

यजमान सरकारी विमान कंपनीत होते. पुढच्या दहा वर्षांत किती विमानं लागतील, कोणती घ्यायची, कोणती मोडीत काढायची, त्याचा आराखडा त्यांच्याकडे असे. कंपनीनं परदेशातून तीन विमानं भाड्यानं आणली. वर्षाच्या आत दोन शेडमध्ये उभी राहिली आणि तिसऱ्याच्या इंजिनानं धावपट्टीवरच पेट घेतला. माणसं वाचली. ठपका आला गेणूवर. गेणू औंढ्याच्या सरुबाईचा मुलगा, शेडमधला फिटर. त्याला चिकटवलं होतं यजमानांनीच.

कार्तिकी बारस होऊन चार दिवस झाले होते. सकाळच्या गाडीनं मुंबईहून धाकटे साहेब आले. एकेकाळी यजमानांच्या हाताखाली होते, आता त्यांच्या खुर्चीवर.

“वहिनी, दादांकडे एक फाईल राहिली असावी. भाड्याच्या विमानांची. आता कुणाच्या कामाची नाही म्हणा.”

“मग एवढ्या लांब आलात?”

ते हसले. “कचेरीची शिस्त.”

सरुबाई दुधाची चरवी घेऊन मागच्या दारात उभी होती. ती तिथंच थांबली.

“त्यांनी बंबात घालायला सांगितलं होतं,” नंदाबाई म्हणाल्या.

“दादांनी? स्वतः?”

“स्वतः. खोकं कोठीत आहे, बघा.”

खोकं रिकामं होतं. साहेबांनी बंबाखालची राख काडीनं उकरली. जुन्या पावत्यांचे, पत्रांचे काळे पापुद्रे निघाले. बाजूला भिंतीशी गणपतीचं चित्र असलेलं एक जुनं कॅलेंडर टेकून ठेवलेलं होतं.

“हे नाही घातलंत?”

“देवाचं आहे ना. ते कसं जाळणार?”

साहेबांनी मान डोलावली. तरी कपाटं पाहिली, ट्रंक पाहिली, गादीखाली हात घातला. शेवटी देवघराच्या उंबऱ्याशी आले. देवांच्या पायाशी तांबड्या कापडात एक गठ्ठा होता.

“यात काय?”

नंदाबाईंनी गाठ सोडून दाखवली. वरच्या पानावर पेन्सिलीनं ओळीनं राम, राम, राम. मुंगीएवढं अक्षर, कुठं खाडाखोड नाही. साहेबांचा हात पुढं आला आणि मधेच थांबला.

“मी पारोसाच आहे. गाडीतून सरळ आलो,” असं म्हणून त्यांनी लांबूनच हात जोडले. “किती झाली?”

“दोनशे चौदा पानं.”

“तुमची कमाल आहे, वहिनी. आमच्या मंडळींना एक माळ पुरी होत नाही.”

ते ओसरीवर बूट घालायला बसले. चेहऱ्यावरचा ताण उतरला होता. चहासुद्धा मागून घेतला.

सरुबाई मागच्या दारातून आत आली. तिनं चरवी खाली ठेवली, पण आवाज मोठा केला नाही.

“तुमच्या साहेबानंच नोकरी लावली, आन साहेबानंच कागद जाळाया सांगितला. लय भारी झालं, बाई.”

नंदाबाईंनी दूध पातेल्यात ओतलं.

“साहेब मला म्हनलं व्हतं, सरुबाई, ही इमानं घेऊ नका असं मी लिवून दिलंय, इंजिनं जुनी हायती. त्यो कागद असता तर गेणू सुटला असता. उद्या अकराला चौकशी हाय मुंबईला. गेणूला पाना धरता येतो, विंग्रजी येत न्हाई. तितं त्यो काय सांगनार? तुरुंगात घालतील त्याला.”

“मी येते उद्या.”

“तुमी येऊन काय करनार? नुसत्या तोंडानं?”

“येते म्हटलं ना. सहाच्या गाडीनं निघू.”

सरुबाईनं ओसरीकडं पाहिलं. साहेब बशीतून चहा पीत होते. ती रिकामी चरवी घेऊन निघून गेली.

दुसऱ्या दिवशी नंदाबाईंनी आंघोळ केली, देवाला फुलं वाहिली, तुळशीला पाणी घातलं. नेम बारशीलाच संपला होता, लिहायचं काही उरलं नव्हतं. बोटांना सवय झाली होती, ती उगाच मिटत होती. त्यांनी पेन्सिलीचा उरलेला तुकडा यजमानांच्या फोटोपुढं ठेवला आणि तांबडा गठ्ठा उराशी घेऊन बाहेर आल्या.

फाटकाशी सरुबाई उभी होती. डोळे सुजलेले.

“आधी नदीवर जायाचं व्हय? रामनाम सोडाया?”

“नाही. गाडी चुकेल.”

“मंग हे वझं कशाला?”

नंदाबाईंनी फाटकाच्या दगडी खांबावर गठ्ठा ठेवला, गाठ सोडली आणि सगळी पानं मिळून पालथी केली. आता वर इंग्रजी टाइप दिसत होता, तीन विमानांचे नंबर होते आणि खाली यजमानांची सही. त्यांनी पुन्हा गाठ मारली आणि सरुबाईचा हात धरून स्टेशनाच्या वाटेला लागल्या.