कोरं बटण

"मला तहान लागली आहे," कॉम्प्युटर म्हणाला आणि नवरा लगबगीने पाणी घेऊन आला.

बायकोने घोटभर पिऊन डोळे मिटले. पडद्यातून गाळलेलं दुपारचं ऊन भिंतीवर हलत होतं. सगळी खोली पाण्याखाली गेल्यासारखी दिसत होती. तिचं आयुष्य पाण्याकाठीच गेलं होतं. ती पोहायला शिकवायची. तिची हाक तलावाच्या पार पलीकडच्या काठाला पोचायची. मग झटका आला. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. मान हलायची, पण ती हो म्हणतेय की नाही, हे कुणालाच उमगेना.

नवरा छापखान्यात कॉम्प्युटरवर पानं लावायचा. एका बटणात दहा कामं उरकणारं मॅक्रोचं सॉफ्टवेअर त्याच्या हातातलं होतं. तेच वापरून त्याने तिच्यासाठी कमांड बनवल्या. बटण दाबलं की कॉम्प्युटर अख्खं वाक्य बोलायचा. मला तहान लागली आहे, उशी सरकव, बरं वाटतंय, चालेल. कीबोर्डच्या वरच्या रांगेतल्या त्या बटणांवर त्याने रंगीत कागद चिकटवले. आवाज बाईचा निवडला, मऊसा. स्वयंपाकघरात असताना तो कानावर आला की क्षणभर त्याला वाटायचं, मधलं काही घडलंच नाही.

त्या दुपारी मुलगा आला होता. दूरच्या शहरात त्याने मोठं घर घेतलं होतं. आईच्या पायाशी बसून तो म्हणाला, "आता तुम्ही दोघं आमच्याकडेच. हे घर देऊन टाकू. बाबांनी फोनवर हो म्हटलंय. तुला चालेल ना गं?"

नवऱ्याने 'चालेल'च्या हिरव्या बटणाकडे पाहिलं. बायकोचा डावा हात उठला, हिरव्यावरून तरंगत पुढे गेला आणि एका कोऱ्या बटणावर थांबला.

"नवी कमांड हवी?" त्याने स्क्रीनवर चौकट उघडली. "काय लिहू? औषध?"

तिने त्याचा हात बाजूला सारला. एका बोटाने एकेक अक्षर शोधू लागली. चुकलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मुलाचा चहा निवून गेला. मग तिने बटण दाबलं.

"नको," तो मऊ आवाज म्हणाला.

नवरा चपापला. एवढ्या कमांड बनवल्या, पण हा शब्द त्याच्या मनातही आला नव्हता.

मुलगा हसला. "अगं, होईल सवय. बाबा, तुम्हीच समजवा हिला."

नवऱ्याने तोंड उघडलं. जन्मभर त्याने साहेबाच्या, थोरल्या भावाच्या, आता मुलाच्या होला हो केलं होतं. 'नको' म्हणायची जिभेला सवयच नव्हती. बायको त्याच्याकडे बघत होती.

तो वाकला आणि त्याने तेच बटण दाबलं.