बाजार बंद

ऑपरेशन थिएटरचं दार लागलं आणि हेरंबरावांचा हात सवयीने मोबाइलकडे गेला. भाव कालचेच होते. आज शेअर बाजाराला सुट्टी होती.

सुट्टीच्या आदल्या दिवशी सगळे सौदे मोकळे करायचे, म्हणजे जिवाला घोर नको, हा त्यांचा वीस वर्षांचा नेम. बायकोचं ऑपरेशनही नेमकं सुट्टीलाच आलं, म्हणून काल ते खूशच होते. आता मात्र ते दाराबाहेर येरझाऱ्या घालत होते. तासाभराचं ऑपरेशन अडीच तास चाललं होतं.

दार उघडलं. "काकू शुद्धीवर आल्या," सिस्टर म्हणाली.

हेरंबराव मटकन बाकावर बसले. "नशीब, आजची तारीख मिळाली."

"नशीब कसलं, काका? डॉक्टर सोमवार देत होते. काकूंनीच भांडून आजची घेतली. म्हणाल्या, बाजार चालू असला, तर ह्यांना माझी काळजी करायला सवड व्हायची नाही."