थर्माकोलचे पेले

पाणबुडी खोल समुद्रात निघाली की तिच्या बाहेर थर्माकोलचे पेले जाळीत बांधायचे, ही जहाजावरची जुनी हौस. पाण्याच्या दाबानं ते अंगठ्याएवढे होऊन वर येत. त्यांवरची चित्रं तशीच राहत, फक्त इवलीशी होत.

या वेळी एका पेल्यावर लेकीनं बाबांचं चित्र काढलं होतं. तोही अंगठ्याएवढा होऊन आला. बाबा स्वतः आतल्या पोलादी गोलात होते. तिथे दाब शिरत नाही. तो गोल लेकीच्या आईनंच तपासला होता.

झाकण उघडून नवरा बाहेर आला. त्याची बोटं बाह्यांत बुडाली होती.

"अशी काय बघतेस? भूत पाहिलंस?"

"कपडे केवढे सैल झालेत तुझे!"

"वहिनी, खायला घाला जरा त्यांना," जहाजावरचा मिस्त्री हसला.

ती त्याची कॉलर नीट करायला गेली. एरवी त्यासाठी तिला टाचा उंचवाव्या लागत. आज त्याचे डोळे थेट तिच्या डोळ्यांसमोर होते. चेहरा तोच होता, हनुवटीवरचा तीळही जागच्या जागी.

"उद्या जाऊ नकोस," ती कशीबशी म्हणाली.

"वेडी आहेस का? उद्या तर याच्या दुप्पट खोल जायचंय."

हे बोलून होईपर्यंत त्याला तिच्याकडे मान वर करून बघावं लागत होतं.