चारचा चहा

ऑफिसचे सर्व्हर त्यांना एकमेकांशी जोडणाऱ्या नव्या डिस्ट्रिब्युटेड व्हर्च्युअल स्विचवर हलवले, पडद्यावर सगळं हिरवंगार दिसलं आणि मी स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. चार वाजले तरी कोणी जागचं हलेना. मग लक्षात आलं, भिंतीवरचा स्पीकर बोललाच नव्हता. रोज चारला त्यातून आमचे साहेब ओरडायचे, "उठा रे, चहा गार होतोय!" साहेब वारले, पण एका जुन्या सर्व्हरवर त्यांनी भरून ठेवलेला आवाज मागे राहिला. नेमका त्याच सर्व्हरचा संपर्क तुटला होता. "जाऊ दे ना, भंगारच आहे ते," साहेबांच्या खुर्चीतल्या नव्या मॅडम म्हणाल्या. मी कानाआड केलं. केबल पाहिली, पोर्ट पाहिला. नव्या स्विचवर त्याचा व्हीलॅन नंबरच, म्हणजे नेटवर्कमधल्या त्याच्या गटाचा क्रमांक, भरायचा राहिला होता. तो भरला, आवाज वाजवून पाहिला. तोवर सगळ्यांचा चहा जागेवरच पिऊन झाला होता. तरी खुर्च्या सरकल्या. पहिली साहेबांची.